तालीम आणि ज्युदो एकत्र करायचं असेल, तर आधी पाठीचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २१, वजन ७४ किलो, पुण्यातल्या पेठेतल्या तालमीत चार वर्षं माती आणि मॅट दोन्हीवर सराव झालेला. आता संध्याकाळी ज्युदोही सुरू करायचं आहे. दोन्ही सोबत जमेल का, एकामुळे दुसरं बिघडेल का, आणि आठवडा कसा लावायचा?

जमतं. ज्युदोला कुस्तीइतका पक्का पाया दुसरा मिळत नाही. फ्रीस्टाइल खेळणाऱ्या पैलवानाला ज्युदो पायांची जी चलाखी देतं, तिच्यावर तालमीत फारसा वेळ दिला जात नाही. बहुतेक जण वेळ आणि ताकद एवढाच हिशेब करतात, पण खरी अडचण त्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. हे दोन खेळ खूप ठिकाणी जुळतात आणि एका ठिकाणी नेमके उलटे जातात. ते ठिकाण म्हणजे तुमची पाठ.

मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. मॅटवर पाठ नुसती जमिनीकडे झुकली, तरी समोरच्याला गुण मिळतात. म्हणून चार वर्षांत तुमच्या शरीराने एकच गोष्ट पक्की केली आहे: तोल गेला की पोटावर वळायचं, नाहीतर मानेवर पूल करून खांदे वर ठेवायचे. ज्युदोतही वेगाने, जोरात आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकलं की इप्पोन होतो, म्हणजे लढत संपते. इथपर्यंत दोन्ही सारखं आहे. पुढे मात्र फरक पडतो. ज्युदोत स्वतःहून पाठीवर जाऊन समोरच्याला डोक्यावरून फेकणं हा डाव आहे, तोमोए-नागे आणि सुमी-गाएशी हे त्यातले दोन. जमिनीवर पाठीवर पडून समोरच्याला दोन पायांच्या मध्ये धरून ठेवलं, तर तुम्ही हरत नाही, कारण ती पकड मोजलीच जात नाही. उलट पोटावर पडून राहिलात, तर तो पाठीवर बसून कॉलरने गळा आवळतो.

पुलाचंही तसंच. कुस्तीत तो तुम्हाला वाचवतो. ज्युदोत फेकले जाताना पूल करून डोक्यावर उतरलात, तर मान जपण्यासाठी नियमच असा आहे की ते पाठीवर पडल्यासारखं धरून समोरच्याला इप्पोन देतात. म्हणजे मान धोक्यात घालूनही हाती काही लागत नाही. ही सवय पहिल्या महिन्यातच मोडायला हवी. जमिनीवर पकडीत अडकल्यावर पूल करून सुटणं मात्र ज्युदोतही चालतं, तिथे तुमची तालीम थेट कामी येते.

एकाच शरीरात दोन उलट सवयी बसू शकतात, पण त्यांना वेगळी खूण लागते. ती आयती मिळते: कापड. हातात कापड आलं की ज्युदो, कातडी आली की कुस्ती. त्यासाठी पहिलं वर्षभर ज्युदो नेहमी पूर्ण जॅकेट आणि पट्टा बांधूनच करा, आणि तालमीत जॅकेटचा कुठलाही डाव ‘बघू तरी’ म्हणून करू नका. एकाच सत्रात दोन्ही मिसळणारे दोन्हीकडे अडखळतात. ऐन वेळी शरीराला एकच उत्तर सुचावं लागतं, आणि तिथे दोन हजर असतात.

१९६४ साली टोकियोत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा सोव्हिएत संघाने चार कांस्यपदकं नेली. ते खेळाडू सांबोतून आले होते, म्हणजे जॅकेट धरून कुस्ती करायची त्यांची सवय जुनी होती. आपल्याकडचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. १९४८ला लंडनमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम नवे असताना ते सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. नियम आणि पृष्ठभाग बदलला की चांगल्या मल्लालाही ते अंगात मुरवावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आता पहिले सहा आठवडे. यात रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, अजिबात नको. चार वर्षांचा पैलवान पहिल्याच दिवशी पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांना ताकदीने आडवं करतो, सगळे कौतुक करतात, आणि तो पडायला कधीच शिकत नाही. पडणं, म्हणजे उकेमी, हेच तुमचं सहा आठवड्यांचं काम. दर सत्रात १० ते १५ मिनिटं द्या. आधी उकिडवं बसून मागे २० वेळा, मग डावी-उजवी कूस २०-२०, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास सोडत पडायचं. हात शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवा खाली, पूर्ण हात एकदम आपटायचा. हात खांद्याच्या रेषेत गेला तर झटका खांद्यात जातो.

पैलवानाची ठरलेली चूक म्हणजे पडताना हात मागे टेकवणं. मातीत ते एखाद्या वेळी खपून जातं. ज्युदोच्या टणक चटईवर मनगट मोडतं किंवा कोपर निखळतं. दुसरी चूक डोक्याची. ओ-सोतो-गारीत समोरचा बाहेरून पाय मारून सरळ मागे पाडतो. हनुवटी सुटली की डोक्याची मागची बाजू आपटते. नवख्यांना ज्युदोत होणाऱ्या गंभीर इजांत हा डाव नेहमी पुढे असतो. डोकं आपटलं आणि गरगरलं, मळमळलं किंवा क्षणभर काही आठवेना, तर त्या दिवशी सराव बंद. चोवीस तास कुणीतरी सोबत हवं, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत लढत नाही. ‘चक्कर आली होती, आता ठीक आहे’ म्हणून उतरणाऱ्याला कोचने हाताला धरून बाहेर काढावं.

तिसरी गोष्ट, थापटणं. कुस्तीत शरण जाण्याची खूण लागत नाही, आणि तालमीत सहन करणं हा गुण समजला जातो. ज्युदोत कोपराला कुलूप लागतं आणि गळा आवळला जातो. कोपर दुखेपर्यंत थांबलात, तर तोवर आतली दोरी ताणली गेलेली असते. हात सरळ झाला आणि सुटण्याची वाट दिसत नाही, तेव्हाच दोनदा थापटा. गळ्याचा डाव नीट बसला, तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. तिथे ताकद चालत नाही.

हातांच्या पकडीतही सवय बदलावी लागते. कुस्तीत तुम्ही मनगट, मान, बगल पूर्ण पंजाने धरता. जॅकेट तसं धरलंत, तर दोन मिनिटांत पुढचा हात लाकडासारखा होतो. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट घट्ट, तर्जनी आणि अंगठा सैल. एक हात बाहीवर कोपरापाशी, दुसरा कॉलरवर. बाहीचा हात ओढताना मनगट असं फिरवायचं की हातातल्या घड्याळात वेळ बघतोय. पैलवान इथे चुकतात: ते छातीला छाती भिडवायला जातात, समोरचा दोन्ही हात ताठ ठेवून त्यांना लांब रोखतो, आणि ते ढकलत बसतात. ढकलून तोल जात नाही. बाही वर आणि बाजूला खेचून त्याला एक पाऊल टाकायला लावायचं, आणि ते पाऊल पडत असतानाच आत शिरायचं.

मातीत खेळणाऱ्यांना इथे थोडा फायदा आहे. मातीत लंगोट-जांघ्या धरता येतो, घिस्सा मारताना तो धरूनच ढकलतात. मॅटवर कपडा धरणं बंद. म्हणजे कापडातून समोरच्याचं वजन ओळखण्याची जाण फ्रीस्टाइलवाल्यापेक्षा मातीतल्या पैलवानाच्या हातात आधीपासून असते.

डावांचं म्हणाल, तर पहिले तीन महिने दोनच घ्या. ढाक येत असेल तर ओ-गोशी, कारण कंबर तीच, फक्त मानेऐवजी हात कमरेमागे आणि दुसरा बाहीवर. दुसरा दे-आशी-बाराई, म्हणजे पुढे येणारं पाऊल जमिनीला टेकता टेकता तळव्याने झाडून घेणं. दर सत्रात उचिकोमी, म्हणजे न फेकता फक्त डावात शिरणं घोटायचं: १०चे ५ संच, प्रत्येक संचाच्या शेवटी एकदा खरंच फेकायचं. धोबीपछाड आवडता असेल, तर सेओई-नागे पुढे आपोआप येईल, पण गुडघ्यांवर बसून मारायचा प्रकार सुरुवातीला टाळा.

कलाजंग आणि पट ज्युदोत विसरायचे. पट्ट्याखाली हाताने पाय धरायला २०१०मध्ये मर्यादा आल्या आणि २०१३पासून ते बंदच आहे. धरला की शिदो, म्हणजे दंड, आणि तीन शिदो म्हणजे बाद. दोन्ही पाय समोरच्याच्या पायांभोवती कात्रीसारखे टाकून पाडणं तर सरावातही करू नका. १९८०मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच डावाने तिथले नामांकित ज्युदोपटू यासुहिरो यामाशितांच्या पायाचं हाड मोडलं, आणि पुढे तो बंद झाला. तुमच्यासोबत सराव करणाऱ्याला आपल्या पायाने दुसऱ्या दिवशी कामाला जायचं असतं.

ज्युदोतून तालमीत काय न्यायचं? सगळ्यात आधी ती पायाची झाडणी. समोरचा खडाखडीत पुढे-मागे होत असतो, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे ज्युदो तुम्हाला घोट्यातून कळायला शिकवतं. फ्रीस्टाइलमध्ये हे चालतं. ग्रीको-रोमनमध्ये पायांचा वापरच नाही, त्यामुळे ग्रीको खेळणाऱ्याला हा फायदा कमी. दुसरं म्हणजे फेकले जाण्याची भीती जाते. ती गेली की पैलवान मोकळेपणाने आत शिरतो.

तालमीत काय नेऊ नये, तर उभी ठेवण. ज्युदोत पाठ सरळ, कारण वाकून मागे राहिलात की शिदो मिळतो आणि मान खाली खेचली जाते. तसंच सरळ उभे तालमीत उतरलात की पट निघालाच. ज्युदोच्या दुसऱ्या दिवशी तालमीत पहिली पाच मिनिटं फक्त हे करा: साथीदार हळू पट काढतो, तुम्ही कंबर मागे टाकून छाती त्याच्या पाठीवर सोडता, आणि परत खाली वाकून उभे राहता. पंधरा-वीस वेळा. शरीराला आज कुठला खेळ आहे ते कळतं.

आता आठवडा. तालमीचे सहा दिवस कायम ठेवून त्यावर ज्युदो चढवायचं, हे महिनाभरात कोसळतं. हिशेब सत्रांचा नाही, जोरदार लढतींचा आहे. दोन्ही मिळून आठवड्यात चारच जोरदार लढतीची सत्रं, आणि ज्युदोचे दोन दिवस. समजा मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी ज्युदो. मग सोमवार आणि गुरुवार सकाळी तालमीत पूर्ण लढत. मंगळवारी सकाळी फक्त हलकी मेहनत, बुधवारी आणि शनिवारी सकाळी डाव घोटणं, रविवार सुट्टी. सहा आठवड्यांनी रांदोरी सुरू झाली की मंगळवार-शुक्रवारही जोरदार धरा आणि चार पूर्ण झाले समजा. दर चौथा आठवडा हलका.

सकाळ इतकी जपायचं कारण झोप आहे. तालीम पहाटे पाचला सुरू होते. ज्युदोचा वर्ग संपून आठ-साडेआठ होतात, मग अंघोळ, जेवण. शुक्रवार पेठेतून बाणेर-बालेवाडीकडच्या हॉलला जाणार असाल, तर गर्दीच्या वेळी येण्याजाण्यातच दीड-दोन तास धरा. झोप सहा तासांवर येते, आणि मग दुखापत लांब नसते. जवळचा वर्ग थोडा साधा असला तरी तोच बरा. दुपारची तासभर झोप ही तालमीतली जुनी रीत आहे, कॉलेजच्या वेळेत बसत असेल तर सोडू नका. उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील, तर त्या दिवशी लढत नाही.

जोर-बैठकांत कपात करावीच लागेल, आणि ही गोष्ट पैलवानांना सगळ्यात जड जाते. ज्युदोच्या दिवशी बैठका एक तृतीयांशाने कमी करा. जमिनीवरच्या ने-वाझात तासभर गुडघ्यांवरच काम असतं, वरून पूर्ण बैठका झाल्या की वाटीखालची दोरी दुखू लागते. जिना उतरताना तिथे टोचलं, तर दोन आठवडे खोल बैठका बंद, उभ्याने होणारा सराव चालू. गुडघ्याचा दुसरा धोका तानी-ओतोशीचा. बाजूने मागे बसून पाडणारा हा डाव चुकला की मारणाऱ्याचं सगळं वजन समोरच्याच्या गुडघ्यावर आडवं येतं. तुम्ही आणि साथीदार दोघंही वर्षभर तो घेऊ नका.

खुराकाबद्दल एकच दुरुस्ती. थंडाई चांगली, पण तिच्यात मुख्यतः स्निग्ध आणि साखर. वीस बदामांतून प्रथिनं जेमतेम ५ ग्रॅम मिळतात. ७४ किलोला दिवसाला साधारण १२० ते १५० ग्रॅम लागतात. एक लिटर दूध ३२-३५, चार अंडी २५च्या आसपास, १०० ग्रॅम कोरडे हरभरे २०. उरलेलं डाळ, दही, पनीर किंवा मटण-चिकनमधून. दोन सराव असतील त्या दिवशी दुपारी भात-भाकरी कमी करू नका, संध्याकाळच्या पायांत तीच असते. थंडाई आणि ज्युदो यांत तीन तास सोडा. एप्रिल-मेच्या उकाड्यात सरावाआधी आणि नंतर वजन करा, जितके किलो उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी रात्रीपर्यंत, मीठ घातलेलं ताक त्यात धरून.

वजनगट सोयीचे आहेत. फ्रीस्टाइलचा ७४, ज्युदोचा ७३. एक किलोसाठी उपाशी राहू नका. ६५वाल्याला ६६, तेही जुळतं. अडचण ८६वाल्याची, कारण ज्युदोत ८१ आणि ९० यांच्या मध्ये काही नाही.

कातडीकडे दुर्लक्ष करू नका. हौद्यातून आल्यावर अंगाची माती पूर्ण धुतल्याशिवाय ज्युदोच्या चटईवर पाऊल ठेवायचं नाही. हा शिष्टाचार आहेच, शिवाय आरोग्याचाही प्रश्न आहे. गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने तो आठवडाभर दबतो आणि मग पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, औषध सुरू करून किमान तीन दिवस कुणाशी भिडू नका, आणि चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. जॅकेट दोन घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात जाड सुती जॅकेट वाळायला दोन दिवस लागतात, आणि ओलं जॅकेट पुन्हा घातलं की त्रास हमखास. सुरुवातीला मध्यम वजनाचं पुरतं, धुतल्यावर आटतं म्हणून एक माप मोठं. कान सुजून मऊ झाला तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडे, कारण रक्त एकदा घट्ट झालं की कान कायमचा वाकडा राहतो. जॅकेटचं कापड कानाला मातीपेक्षा जास्त घासतं.

वर्ग बघायला जाल तेव्हा चटयांच्या फटी बघा. बोट शिरत असेल, तर पायाचं बोट अडकून मुरगळणारच. चटई थेट सिमेंटवर आहे की खाली लवचिक फळ्या, हे विचारा. कुस्तीची मॅट मऊ, तिच्यात पाय थोडा रुततो. ज्युदोची चटई टणक असते, कारण झाडणीला पाय सरकावा लागतो. नवख्यांना पडणं किती दिवस शिकवतात आणि वजनाच्या जोड्या कोण लावतो, हेही पाहा.

आणि वस्तादांना आधी सांगा. दुसऱ्याच कुणाकडून कळलं की मन दुखावतं, आणि दुखावलेल्या वस्तादांच्या हाताखाली शिकणं अवघड जातं. पायाला हात लावून सरळ विचारा: “हंगामात पूर्ण वेळ तालमीतच असेन, पावसाळ्यात आठवड्याला दोन दिवस ज्युदो करू का?” वर्षाची वाटणीही तशीच करा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांचे फड असतात, तेव्हा कुस्ती मुख्य आणि ज्युदोत फक्त उकेमी आणि उचिकोमी. जून ते सप्टेंबर ज्युदोला जास्त जागा. स्पर्धेआधीचे आठ आठवडे, स्पर्धा ज्याची असेल तोच खेळ.

बारा आठवड्यांनी एक मोजणी करा. तालमीतल्या पाच लढती मोबाईलवर घ्या आणि दोनच गोष्टी मोजा: सरळ उभं राहिल्यामुळे किती पट निघाले, आणि पाठ किती वेळा झुकली. मग ज्युदोच्या पाच रांदोरी घ्या आणि बघा, पोटावर पडून गळा किती वेळा दिला, आणि हात किती वेळा मागे टेकला. तालमीतले आकडे ज्युदो सुरू करण्याआधीच्या लढतींपेक्षा वाढलेले असतील, तर महिनाभर ज्युदो एका दिवसावर आणा आणि ती पाच मिनिटांची पटाची उजळणी रोज करा. ज्युदोतले आकडे तसेच असतील, तर रांदोरी थांबवून परत उकेमीवर या.